आठ पिचर आणि एक बाद कॅचर

माझं नाव कापलं गेल्याचं मला फळ्यावरून कळलं. मलकापूरच्या त्या कॉलेजच्या व्हरांड्यात हिरवा फळा टांगला होता. कॅचरच्या रकान्यात आदल्या संध्याकाळपर्यंत पाच नावं होती, सकाळी तीनच उरली. पुसणाऱ्यानं घाईत पुसलं असावं. माझ्या गावाचं नाव, सावदा, तसंच राहिलं होतं, कुंदा फेगडे तेवढं गेलं होतं.

मी खोलीवर जाऊन बॅग भरायला घेतली. शेजारच्या खाटेवर भुसावळची अर्चना सपकाळे बसली होती. ती पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आणि मी तो झेलणारी. शिबिरात आमची ओळख झाली आणि दोन दिवसांत ती माझी चहाची, आंघोळीच्या रांगेची आणि बोलण्याचीही जोडीदार झाली. माझे सॉक्स दोरीवरून काढून तिने घडी करून बॅगेत ठेवले.

राज्याच्या ज्युनिअर मुलींच्या बेसबॉल संघाची ती निवड होती. गोष्ट एकोणतीस वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा सावद्यात बेसबॉल म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे क्रिकेटसारखंच ना? राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर बी.पी.एड.चा प्रवेश सोपा झाला असता, आणि त्या वयोगटातलं ते माझं शेवटचं वर्ष होतं.

बॅगेची चेन लावतच होते तेवढ्यात निवड समितीतले तावरे सर दाराशी आले. तीन कॅचरपैकी लातूरच्या मुलीचं बोट सुजलं होतं. पंधरा दिवसांत बरं होईल, पण आज-उद्या ती झेलू शकणार नाही, आणि पिचर तर आठ आहेत. मी थांबेन का, असं त्यांनी विचारलं. निवडीसाठी नाही, हे त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं. फक्त बॉल झेलायला.

मी हो म्हणाले ते चांगुलपणानं नव्हे. मला बाद करणाऱ्या माणसाला नेमकं काय दिसलं होतं, ते मला जवळून बघायचं होतं.

तो माणूस म्हणजे खळतकर सर. समितीचे प्रमुख, अमरावतीच्या शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. डोक्यावर पांढरी टोपी, हातात वही, आणि बोलताना मान जराशी डावीकडे वळवायची सवय. समोरच्याकडे ते सरळ बघायचे नाहीत. मोठ्या माणसाची ऐट असेल, असं आम्ही मुली समजायचो. कॅचरच्या यादीत सगळ्यात वर ज्योत्स्ना मोहोडचं नाव होतं. ती चार वर्षं त्यांच्याच हाताखाली खेळलेली. माझं नाव का पुसलं गेलं याचा निकाल मी मनात लावून टाकला होता.

त्या सकाळी बॅटर नव्हते. तावरे सर त्यांना घेऊन पलीकडच्या मैदानावर होते. इकडे एकेक पिचर येऊन वीस-वीस बॉल टाकत होती, मी होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभी राहते त्या पांढऱ्या पाटीमागे, बसून झेलत होते आणि माझ्यामागे जाळीपलीकडे खळतकर सर उभे होते. शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस हवेत तरंगत येऊन मास्कच्या पट्ट्यांना चिकटत होता.

प्रत्येक बॉलनंतर मागून हळू आवाजात प्रश्न यायचा.

"कुठं?"

मी सांगायचे. गुडघ्याशी. बाहेरच्या काठावर. छातीच्या वर. सांगितलं की पेन्सिल चालल्याचा आवाज यायचा. मला वाटलं, माझी परीक्षा चालू आहे. बाद केल्यावरही परीक्षा, याचा रागही आला.

तिसरी आली यावलची शबाना तडवी. जेमतेम पाच फूट उंची. तिला वेग नव्हता. पण तिचा बॉल सरळ यायचा, यायचा, आणि प्लेटच्या जरा आधी एकदम खाली बसायचा. पहिले दोन माझ्या हातातून निसटले. मग मी मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, जमिनीला टेकवूनच बसले, आणि बॉल बरोबर तिथे येऊन काठावर फस्स करून थांबायला लागला. वीस झाले. सरांनी वही उघडीच खुर्चीवर ठेवली आणि पाणी प्यायला गेले. मी वाकून पाहिलं. शबानाच्या नावापुढे मोठ्या, तिरक्या आकड्यात दहापैकी तीन लिहिले होते. तिच्याआधी दोन मुली झाल्या होत्या, नुसत्या जोरात टाकणाऱ्या. त्यांना आठ आणि सात.

मला कळेना. इतक्या जवळून बघणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही?

सहावी अर्चना. उंच, लांब हाताची, शिबिरात सगळ्यात वेगवान. तिचा बॉल मिटमध्ये आला की मैदानभर आवाज जायचा. नववा बॉल मात्र हातातून सुटला. प्लेटच्या हातभर बाहेर गेला. मला तोल सोडून आडवं व्हावं लागलं.

"कुठं?"

"मधोमध, सर."

मी हे ठरवून बोलले नाही. त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता, एवढंच. वाटलं, आता ओरडतील. मागे पेन्सिल चालली. मी मान वळवून पाहिलं. सरांनी बरोबरची खूण केली होती आणि ते मान तिरकी करून पुढच्या बॉलची वाट बघत होते.

मग उरलेले बॉल मी कसे झेलले, ते मला आठवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी सरळ तावरे सरांकडे गेले. नळाच्या ओट्यावर ते डबा उघडून बसले होते. सांगायचं काय ते मी चालता चालता जुळवलं होतं. खळतकर सरांना दिसत नाही, त्यामुळे परवाची कॅचरची चाचणी रद्द करा आणि माझा थ्रो पुन्हा बघा. तावरे सरांनी ते केलं असतं. माणूस कडक होता, पण वेडावाकडा नव्हता.

मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, पिचर कशा वाटतात? मी शबानाचं नाव घेतलं. ते हसले. पोरगी गुणी असेल, पण त्या उंचीवर पिचर होतात का, तिला इतक्या लांब पाठवलं तरी कोणी, असं म्हणाले. पोळीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी तिला निकालात काढलं. तिचा एकही बॉल त्यांनी पाहिला नव्हता.

मी पुढे बोलले नाही. खळतकर सर गेले तर निवड या माणसाच्या हाती जाईल, हे तेव्हा लक्षात आलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. म्हाताऱ्या माणसाची तक्रार त्याच्या पाठीमागे करायची, हे मला जमेना.

खळतकर सर कडुनिंबाखाली एकटे संत्रं सोलत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"सर, अर्चनाचा नववा बॉल बाहेर होता. मी खोटं सांगितलं."

त्यांची बोटं थांबली.

"किती बाहेर?"

"हातभर."

मग सोललेली साल त्यांनी रुमालात नीट गोळा केली.

"बाजूचं दिसते मला," ते म्हणाले. "मधलं जाते. आता तू समोर उभी आहेस, तर तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, पडद्याचा आजार आहे, यावर इलाज नाही. घरी सुनेला माहीत आहे. आता तुला."

मला त्यांची दया आली. त्याच वेळी माझा रागही वर आला, आणि बोलला तो रागच.

"मग परवा माझा थ्रो कोणी पाहिला?"

"कोणीच नाही. मी ऐकला."

कॅचरचं एक मोठं काम असतं. धावणारी मुलगी दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका न लागताच पुढच्या थांब्याकडे पळायला निघाली, की बॉल झेलून उठायचं आणि तिच्याआधी तो दुसऱ्या बेसवर पोचवायचा. सरांनी मला सांगितलं, पहिला आवाज बॉल तुझ्या हातात आल्याचा, दुसरा बेसवरच्या मुलीच्या हातात पडल्याचा. मधलं अंतर मी इतकी वर्षं मोजत आलो आहे, त्याला डोळे लागत नाहीत. ज्योत्स्नाचं अडीच सेकंदांच्या आत. तुझं तीनला टेकलेलं. राष्ट्रीय स्पर्धेत मुली तुझ्यासमोर चालत जाऊन बेस चोरतील.

माझा विश्वास बसला नाही, आणि ते चेहऱ्यावरून त्यांना कळलं असेल असंही नाही, कारण चेहरा त्यांना दिसतच नव्हता. पण त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं आणि ज्योत्स्नाला हाक मारली.

ज्योत्स्नाने दहा थ्रो केले, घड्याळ माझ्या हातात होतं. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक पाच. पुन्हा चार. मग मी दहा केले, घड्याळ ज्योत्स्नाच्या हातात. ती प्रत्येक आकडा हळू आवाजात सांगत होती. सहाव्या थ्रोनंतर तिने सांगायचं थांबवलं. मग मीच तिच्याजवळ जाऊन काटा बघायला लागले. एकही थ्रो दोन पूर्णांक नऊच्या खाली आला नाही.

दहावा झाल्यावर ज्योत्स्नाने माझा खांदा दाबला आणि ती निघून गेली. मी घड्याळ घेऊन निंबाकडे परत आले. पायातलं पॅड सोडायचंही सुचलं नव्हतं.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"थ्रोचं होतं. पण पिचरचं मी असंच ऐकून चाललो होतो. जोरात वाजला तो चांगला. आता तू अर्चनाचं सांगितलं, तेव्हापासून विचार करतो आहे की अजून कोणाचं चुकलं."

"शबानाचं."

"तिचा बॉल वाजतच नाही."

"कारण तो खाली बसतो, सर. बॅट फिरेल तेव्हा बॉल तिथे नसेल. मी स्वतः दोन सोडले."

"किती बसतो?"

"वीतभर."

त्यांनी वही मांडीवर घेतली, तिरकी मान करून तीनचा आकडा शोधला आणि त्यावर काट मारली. पुढे नवीन आकडा लिहिला नाही. उद्या सगळ्या पिचर बॅटरसमोर पुन्हा टाकतील, म्हणाले. तू सांग, मी लिहितो.

मी म्हणाले, सांगेन, पण त्यानंतर तुम्ही समितीला सांगितलं पाहिजे. तुम्ही सांगणार की मी सांगू, असंही विचारलं. अठरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसाशी असं बोलत नाही, पण मी बोलले. त्यांनी संत्र्याच्या चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "मी सांगतो. तू नको."

त्या संध्याकाळी माझा अंगठा सुजला. अर्चनाने मिठाच्या गरम पाण्यात माझा हात बुडवून धरला आणि मग स्वतःचा रुमाल फाडून पट्टी बांधली. संघात पिचरच्या तीन जागा होत्या, त्यांपैकी दोन नक्की झाल्या आहेत असं मैदानावर बोललं जात होतं. तिसरी तिचीच, असं सगळे म्हणत होते. तीही तसंच धरून चालली होती. दीडशे बॉल झेलायला मी थांबले, म्हणून ती माझे आभार मानत होती.

सकाळी मी खरं सांगितलं. आठही जणींचं. जाळीमागून "कुठं" आलं की जागा सांगायची, "कसा" आलं की बॉलनं काय केलं ते सांगायचं. शबानासमोर पाच जणी उभ्या राहिल्या. चौघींनी हवेत बॅट फिरवली, एकीने बॉल जमिनीवरून जेमतेम पायापाशी ढकलला. अर्चनाचे पहिले दहा सुरेख पडले. मग एक बाहेर गेला, आणि त्यानंतर तिचे बॉल मुलींना सापडायला लागले. तेही मी सांगितलं. मागे पेन्सिल चालत राहिली.

दुपारी जिमखान्याच्या खोलीत समिती बसली. खळतकर सर, तावरे सर आणि संघटनेच्या सचिव लांजेवार बाई. मी बाहेर पायरीवर होते. आतला आवाज ऐकू येत नव्हता. थोड्या वेळानं बाईंनी मला आत बोलावलं. खळतकर सरांनी सगळं सांगून टाकलं होतं, डोळ्यांचं आणि वहीचंही. बाईंचे डोळे भरले होते. तावरे सर मात्र उभे होते.

"एका बाद झालेल्या मुलीच्या शब्दावर आपण राज्याचा संघ निवडायचा?" त्यांनी विचारलं. प्रश्न मला नव्हता, पण तो चुकीचाही नव्हता.

"माझ्या शब्दावर नको, सर," मी म्हणाले. "मिट तुम्ही घाला."

तावरे सर तरुणपणी राज्याकडून खेळलेले. त्यांनी मिट घेतलं, पॅड नको म्हणाले आणि कडक इस्त्रीच्या पँटमध्ये प्लेटमागे बसले. शबानाला काय चाललंय ते कोणी सांगितलं नव्हतं. तिने पहिला बॉल टाकला. सरांनी मिट कमरेएवढ्या उंचीवर धरलं होतं. बॉल त्याच्याखालून जाऊन त्यांच्या गुडघ्यावर बसला. त्यांनी आवाज केला नाही. दुसरा त्यांनी जरा खाली धरून झेलला. तिसरा दोन पायांच्या मधून जाळीला लागला. चौथा आणि पाचवा झेलला, सहावा पुन्हा निसटला. शबाना घाबरून हात जोडून उभी राहिली.

तावरे सर गुडघा चोळत उठले. जाळीपाशी येऊन खळतकर सरांना म्हणाले, "हिचं नाव लिहा."

संध्याकाळी यादी वाचली गेली. शबाना तडवी होती. अर्चना सपकाळे नव्हती.

परतीची एस.टी. एकच होती, तेव्हा आम्ही शेजारी बसलो. एदलाबाद येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. जिमखान्यात काय झालं ते मुलींना कळलं होतं. वरणगावचा फाटा मागे पडल्यावर तिने विचारलं, "तू माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

मी तेच शब्द सांगितले. "पहिले दहा चांगले. एक बाहेर गेला की तू चिडतेस. चिडलीस की डावा खांदा आधी उघडतो आणि बॅटरला बॉल लवकर दिसतो."

"हे तुला कधी दिसलं?"

"पहिल्याच दिवशी."

"तीन दिवस आपण एका खोलीत होतो, कुंदा," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

मी त्या तीन दिवसांत माझ्याच नावाचा विचार करत होते. भुसावळला ती उतरली. बॅग काढून द्यायला मी उठले, तर तिने हातानेच नको म्हणून सांगितलं. नवव्या बॉलचं मी तिला त्या दिवशीही सांगितलं नाही आणि पुढेही नाही.

शबाना त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत तीन सामने खेळली. पुढे ती पोलिसात गेली. खळतकर सरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. वर्षातून एकदा मी त्यांना अमरावतीला भेटायला जायचे. ते आधी आवाजावरून ओळखायचे आणि मग मान वळवून माझे कान बघायचे. सहा वर्षांनी ते गेले.

मला पत्र आलं ते तावरे सरांचं. मलकापूरच्या शिबिरानंतर पुढच्याच वर्षी जालन्याला महिला संघाची निवड होती. पोस्टकार्डावर दोनच ओळी होत्या. पिचर बघायला माणूस हवा आहे, जाळीमागे उभी राहशील का. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, ते कार्ड तीनदा वाचलं आणि विचारलं, म्हणजे तू खेळणार नाहीस? मी म्हणाले, नाही, मी बघणार. त्यांना ते पटलं नाही. पण जालन्याच्या गाडीत बसवायला ते आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या क्रमांकाला नाव पुकारलं गेलं, अर्चना सपकाळे, भुसावळ. ती आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. ज्योत्स्ना प्लेटमागे बसली. अर्चनाने टाकायला सुरुवात केली. सातवा बाहेर गेला. मी पेन्सिल थांबवून बघत राहिले. आठवा काठावर पडला, नववा मधोमध, दहावा गुडघ्याशी. ती प्रत्येक बॉलआधी खाली मान घालून एक लांब श्वास घेत होती. तेरावाही बाहेर गेला आणि चौदावा पुन्हा जागेवर आला.

वीस झाल्यावर ती पाणी प्यायला जाळीपाशी आली. घागरीतून पेला भरून घेतला, अर्धा प्यायली, आणि मैदानाकडे बघतच विचारलं, "खांदा?"

"बंद होता," मी म्हणाले. "अठराव्याला जरा उघडला."

"अठराव्याला," ती स्वतःशीच म्हणाली. पेला पालथा घालून ठेवला, बॉल उचलला आणि आणखी दहा टाकायची परवानगी मागायला तावरे सरांकडे गेली.